कार्डावरची तीन अक्षरं

मॅमोग्राफी करणाऱ्या बाईंनी माझ्या गळ्याकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, तेवढं काढून ठेवा, फोटोत येतं. रोजचं, छोट्या वाट्यांचं मंगळसूत्र. मी ते काढलं, पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली आणि नीट ठेवलंय ना म्हणून दोनदा हात लावून पाहिलं. काखेतला डिओडरंट पुसायला त्यांनी ओला कागद दिला, कारण त्याचेही पांढरे ठिपके फोटोत उमटतात. मग वरून प्लास्टिकची पट्टी खाली आली, स्तन पोळीसारखा सपाट दाबला गेला, "श्वास रोखा" म्हणेपर्यंत यंत्र गुरगुरलं आणि पट्टी वर गेली. दोन्ही बाजूंचे दोन-दोन, असे चार फोटो. दहा-पंधरा मिनिटांत मी पार्किंगमध्ये होते.

हे मार्च २०२२ मधलं, डॅलसजवळच्या आमच्या उपनगरातलं. मला नुकती चाळीस पूर्ण झाली होती. पैसे काहीच पडले नाहीत आणि त्याचं मला नवल वाटलं नाही. २०१० च्या आरोग्य कायद्याने चाळिशीनंतरची स्तनांच्या कॅन्सरसाठीची ही तपासणी इन्शुरन्सने पूर्ण भरायची, हे इथे सगळ्यांनाच ठाऊक असतं. माझा घोळ त्याच्या पुढच्या पायरीवर झाला. तिथेच बहुतेक जणींचा होतो, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

तीन दिवसांनी अहवाल आला. रेडिऑलॉजिस्ट निष्कर्ष आकड्यात लिहितात, शून्य ते सहा. माझा आकडा शून्य होता. शून्य म्हणजे काही नाही, असं वाटून मी सुखावले. नवऱ्याने पुढची ओळ वाचून दाखवली. शून्य म्हणजे तपासणी अपूर्ण, आणखी फोटो हवेत. खाली आणखी एक वाक्य होतं, तुमच्या स्तनांच्या ऊती डेन्स, म्हणजे दाट, आहेत. हे वाक्य पत्रात असलंच पाहिजे, असा कायदा टेक्सासने २०११ सालीच केलेला आहे. डॅलसच्या हेंडा सॅल्मेरॉन यांनी त्यासाठी पाठपुरावा केला म्हणून तो 'हेंडाज लॉ' या नावाने ओळखला जातो. डेन्स ऊती फोटोत पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. पिठात पडलेला तांदळाचा दाणा शोधण्यासारखं आहे ते. चाळिशीपुढच्या जवळजवळ निम्म्या बायकांच्या ऊती अशा असतात, आणि आपल्या आशियाई बायकांमध्ये तर हे प्रमाण जास्तच आहे.

दुसऱ्या खेपेला फक्त डाव्या बाजूचे जास्तीचे फोटो आणि सोनोग्राफी झाली. गार जेल, अंधारी खोली, पडद्यावर करडा धूर. त्या धुरात एक काळा लंबगोल दिसला. सोनोग्राफी करणाऱ्या मुलीने त्याच्या दोन्ही टोकांना अधिकचं चिन्ह लावलं आणि माप टिपलं, ९ मिलिमीटर. या वेळी आकडा आला तीन. म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण सहा महिन्यांनी परत बघायचं. डॉक्टर म्हणाल्या, अशा गाठींपैकी फारच थोड्या पुढे वाईट निघतात, मात्र त्यांच्यावर नजर ठेवणं हाच त्यांचा इलाज आहे. मी मान डोलावली. सप्टेंबरची तारीख फ्रिजवर लावली.

चार आठवड्यांनी बिल आलं, ७४२ डॉलर. पहिल्या खेपेचं शून्य आणि दुसरीचं ७४२. मला वाटलं चूक झाली असणार. फोन केला तेव्हा कळलं की चूक नाही. पहिली तपासणी 'स्क्रीनिंग' होती. ती प्रतिबंधक सेवेत मोडते. दुसरी 'डायग्नॉस्टिक' होती, आणि ती मोडते उपचारात. उपचार म्हटलं की आधी वर्षाचं डिडक्टिबल तुमच्या खिशातून जायचं, मग कंपनी पैसे देणार. तेच यंत्र, तीच खोली, त्याच बाई. त्यांनीच सांगितलं होतं म्हणून मी दुसऱ्यांदा गेले होते. पहिली तपासणी पुरी करण्यासाठी दुसरी केली, तर ती पहिलीचाच भाग कशी नाही, हे फोनवरच्या मुलीला मी तीनदा विचारलं. ती बिचारी पडद्यावर दिसत होतं तेच वाचून दाखवत होती. आम्ही पैसे भरले.

त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत, एका ताईंशी गाठ पडली. त्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बिलिंगचं काम करतात. मी सहज विषय काढला तर त्या एकदम म्हणाल्या, "अगं, टेक्सासमध्ये यावर कायदा आहे. गेल्याच वर्षी झालाय, एसबी १०६५. या जानेवारीपासूनच्या पॉलिसींना लागू आहे. तुला बिल यायलाच नको होतं." मला इतका आनंद झाला की हातातला मोदक तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "थांब, आधी कार्ड दाखव."

मी पर्समधून इन्शुरन्सचं कार्ड काढून दिलं. त्यांनी चष्मा वर सरकवून पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि परत दिलं. "नाही गं. यावर टीडीआय नाही."

टेक्सासमधल्या इन्शुरन्स कार्डावर 'टीडीआय' किंवा 'डीओआय' अशी तीन अक्षरं छापलेली असतील, तर ती पॉलिसी राज्याच्या विमा खात्याच्या देखरेखीखाली येते आणि राज्याचे कायदे तिला लागू होतात. अक्षरं नसतील तर बहुधा ती पॉलिसी नाहीच मुळी. नवऱ्याची कंपनी मोठी. अशा कंपन्या कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याचा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करतात. कार्डावर विमा कंपनीचं नाव असतं, पण ती फक्त कारकुनी करते. याला इथे सेल्फ-फंडेड प्लॅन म्हणतात, आणि तो १९७४ च्या 'इरिसा' या केंद्रीय कायद्याखाली येतो. राज्याच्या विमा कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. केएफएफ या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत, नोकरीतून इन्शुरन्स मिळणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक असल्या प्लॅनमध्ये होते. म्हणजे विधानसभेत कायदा झाला, सह्या झाल्या, तरी तो ज्यांच्यासाठी केला त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणी दाराबाहेरच. आपल्याकडच्या आयटीतल्या, तेल कंपन्यांतल्या, बँकांतल्या बहुतेक घरांचं कार्ड याच जातीचं असतं.

कायदा नसता तर मी एवढी खट्टू झाले नसते, असं आता वाटतं. आहे, पण आपल्यासाठी नाही, हे कळल्यावर मन खचलं. सप्टेंबरची तारीख आली. परत सातशे डॉलर जाणार हे माहीत होतं. मुलाच्या दातांच्या तारांचे हप्ते चालू होते. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग डिसेंबरात येतेच आहेस ना? इथे करून घे. कोल्हापुरात दोन-तीन हजारांत होतं. एवढे पैसे कशाला घालतेस?" मला ते पटलं. भारतात जाऊन दात, डोळे, रक्ततपासण्या उरकणारे आम्ही सगळेच आहोत. तारखेचा कागद मी फ्रिजवरून काढला.

डिसेंबरात चुलत बहिणीचं लग्न होतं. केळवणं, मेंदी, देवदर्शन, पाहुणे. शेवटच्या आठवड्यात एका डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, जुने फोटो आणलेत का? मागच्या फोटोंशेजारी ठेवूनच गाठ वाढली की नाही ते ठरतं, नुसत्या नव्या फोटोला अर्थ नाही. जुने फोटो टेक्सासमध्येच होते. त्यांची सीडी मागून घ्यायला हवी, हे मला सुचलंच नव्हतं. तपासणी न करताच परतले.

मार्च २०२३ मध्ये वार्षिक तपासणीसाठी फोन केला. मनात हिशेब असा, की वर्षाची स्क्रीनिंग तर फुकट असते, त्यातच ती गाठ दिसेल. पण अपॉइंटमेंट देणारीने नोंद पाहून सांगितलं, "तुमचं फॉलो-अप राहिलेलं आहे, तुम्हाला स्क्रीनिंग देता येणार नाही, डायग्नॉस्टिकच घ्यावं लागेल." वैद्यकीय दृष्ट्या तिचं बरोबर होतं. पण त्यामुळे फुकटचं दारही बंद झालं. मी विचार करून सांगते म्हणाले आणि फोन ठेवला.

या ओळी लिहिताना अजून पोटात कालवतं. गाठ आहे हे माहीत असून मी ती दीड-पावणेदोन वर्षं तशीच ठेवली. रात्री कूस बदलताना हात तिकडे जायचा. बोटांना काही लागायचं नाही, कारण ती खोल होती, आणि नाही लागलं की बरं वाटायचं. आम्ही काही गरीब नाही. आमचं घर आहे, दोन गाड्या आहेत. तरीही बिलाच्या धाकाने मी थांबले. ज्या घरात सातशे डॉलर म्हणजे महिन्याचा किराणा आणि विजेचं बिल, त्या घरातल्या बाईने काय करावं?

नोव्हेंबर २०२३ मध्ये मला एका छोट्या ऑफिसात हिशेबाची नोकरी लागली. सगळी मिळून अकरा माणसं. इन्शुरन्स १ जानेवारीपासून सुरू झाला आणि पोस्टाने कार्ड आलं. पाकीट फोडलं, आणि दिसलं. डाव्या कोपऱ्यात, बारीक टायपात, टीडीआय. छोट्या ऑफिसला स्वतःच्या तिजोरीतून दवाखाने भरणं झेपत नाही, त्यामुळे ते सरळ विमा कंपनीची पॉलिसी घेतात, आणि ती राज्याच्या कायद्याखाली येते. नवऱ्याच्या कार्डाशेजारी मी माझं ठेवलं. त्याची कंपनी माझ्या ऑफिसाच्या हजारपट मोठी असेल, पण या बाबतीत माझं कार्ड जास्त मोलाचं होतं.

त्याच रात्री कायदा मुळातून वाचायला बसले. टेक्सासच्या विमा संहितेतलं १३५६ वं प्रकरण. त्यात पस्तिशीपासून पुढे वर्षाला एक मॅमोग्राफी द्यायचं बंधन पूर्वीपासूनच आहे. २०१७ साली त्यात त्रिमितीय मॅमोग्राफी आली, आणि २०२१ च्या दुरुस्तीत डायग्नॉस्टिक. त्या दुरुस्तीचे शब्द मला फार आवडले. ते 'फुकट द्या' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, स्क्रीनिंगला जे देता त्याहून कमी अनुकूल काही डायग्नॉस्टिकला देऊ नका. स्क्रीनिंग केंद्राच्या कायद्याने विनाखर्च आहेच, त्यामुळे डायग्नॉस्टिक आपोआप विनाखर्च होते. डायग्नॉस्टिकमध्ये काय काय येतं तेही तिथे लिहिलंय. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय. बाईला किंवा डॉक्टरला जाणवलेली गाठ, स्क्रीनिंगमध्ये दिसलेलं काहीतरी, डेन्स ऊती, आधी होऊन गेलेला कॅन्सर. आणि एक ओळ अशी, की पूर्वी 'बहुधा निरुपद्रवी' ठरवलेल्या आणि पुन्हा बघायला सांगितलेल्या गोष्टीची तपासणी. ती ओळ मी चार वेळा वाचली. माझ्याच अहवालातले शब्द कोणीतरी कायद्यात लिहून ठेवले होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. पुन्हा मंगळसूत्र पर्समध्ये, पुन्हा ओला कागद, पुन्हा अंधारी खोली. मुलगी वेगळी होती, पण करडा धूर तोच. तिने दोन चिन्हं लावली. तिच्या बोटांखालचा आकडा मला दिसला, १४. ती काही बोलली नाही, त्यांना बोलायची परवानगी नसते. डॉक्टर स्वतः आत आल्या तेव्हाच मी ओळखलं. "वाढली आहे. तुकडा घेऊन बघू या," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सहा महिन्यांनी या म्हटलं होतं, तेव्हा का नाही आलात?" मी खरं ते सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "आठवड्यात एकदा तरी हे ऐकते."

सुईने तुकडा काढला. त्याचा आवाज कागदाला स्टेपल मारल्यासारखा येतो. चार वेळा आला. पाच दिवसांनी निकाल कळला. फायब्रोअॅडिनोमा. कॅन्सर नाही. नवरा ऑफिसातून घरी आला आणि बूट न काढता सोफ्यावर बसून रडला. पाच दिवस तो माझ्यासमोर हसून वावरत होता.

पुढच्या महिन्यात बिल आलं.

इमेजिंगचे ५८६ डॉलर, 'डिडक्टिबलला लावले' अशी नोंद. बायॉप्सीचे १,३४० वेगळे. या वेळी मी भरले नाहीत. आधी त्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बिलाकडे बघू नकोस. ईओबी काढ." ईओबी म्हणजे विमा कंपनीने पाठवलेला हिशेब. कोणत्या सेवेला किती मान्य केले, त्यांनी किती दिले, तुमच्यावर किती, हे त्यात ओळीओळीने असतं. त्यात प्रत्येक सेवेचा पाच आकडी कोड असतो. ताईंनी मला ते शिकवले. ७७०६७ म्हणजे स्क्रीनिंग मॅमोग्राफी. ७७०६६ म्हणजे दोन्ही बाजूंची डायग्नॉस्टिक. ७६६४२ म्हणजे ठरावीक भागाची सोनोग्राफी. माझ्या ईओबीत शेवटचे दोन होते, आणि ते बरोबरच होते. ताईंनी निक्षून बजावलं, "दवाखान्याला कोड बदलून स्क्रीनिंग लाव म्हणून मागे लागू नकोस. बऱ्याच जणी तसं करतात. खोटा कोड लावणं गुन्हा आहे, आणि तुला त्याची गरजच नाही. कोड खराच राहू दे, पैसे कायद्याने मिळायचे आहेत."

दुसरं त्यांनी सांगितलं ते असं, की दवाखान्याच्या बिलिंगला फोन करून क्लेमवर तक्रार चालू आहे, खातं होल्डवर ठेवा, असं सांगायचं आणि त्या माणसाचं नाव नि तारीख वहीत टिपून ठेवायची. नाहीतर आपण इकडे भांडत बसतो आणि तिकडे बिल वसुलीवाल्यांकडे जातं. मी मुलाची जुनी शंभर पानी वही घेतली. ती वही पुढे तीन महिने माझ्या डब्याच्या पिशवीत होती.

विमा कंपनीला पहिला फोन केला त्यात चाळीस मिनिटं गेली. "मॅडम, हा क्लेम डायग्नॉस्टिक आहे, प्रिव्हेंटिव्ह नाही."

"डायग्नॉस्टिकच आहे. टेक्सासच्या विमा संहितेतलं १३५६ वं प्रकरण डायग्नॉस्टिकबद्दलच आहे."

"तुमच्या प्लॅनमध्ये डायग्नॉस्टिकला डिडक्टिबल आहे."

"माझ्या कार्डावर टीडीआय आहे. तुम्हाला तसं करता येत नाही."

थोडी शांतता. मग वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवते म्हणाली, आणि फोन तुटला. दुसऱ्या फोनलाही तेच झालं. तिसऱ्या वेळी मी फक्त अपील कुठे पाठवायचं तो पत्ता मागून घेतला. क्लेम नाकारल्यापासून अपिलाला १८० दिवस असतात, तेव्हा घाई नव्हती, पण मला झोप येत नव्हती.

अपिलाचं पत्र एक पानी लिहिलं. राग होता, पण तो आवरला. काय तपासलं, कोणत्या तारखेला, कोणते कोड, कायद्याचं कोणतं कलम, आणि मागणी एवढीच, की इमेजिंग स्क्रीनिंगप्रमाणे धरून क्लेम पुन्हा हिशेबात घ्या. सोबत कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, ईओबी, आणि २०२२ च्या अहवालाचं पान. त्यावरच्या 'बहुधा निरुपद्रवी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी' या ओळीखाली लाल रेघ मारली. बायॉप्सीचा उल्लेख मुद्दाम केला नाही. कायदा इमेजिंगपुरताच आहे, तुकडा काढण्याला तो लागू नाही. तिथे माझा हक्क नव्हता, म्हणून ते १,३४० मी हप्त्यांनी फेडले. हे इतकं लिहिते, कारण कायद्यात जेवढं आहे तेवढंच मागितलं की समोरच्याला सबब राहत नाही.

महिन्याने उत्तर आलं. क्लेम प्लॅनच्या अटींनुसार योग्य प्रकारे हाताळला गेला आहे. कायद्याचा साधा उल्लेखही नाही. कोणी माझं पत्र वाचलं होतं असं मला वाटत नाही.

मग टेक्सासच्या विमा खात्याकडे ऑनलाइन तक्रार नोंदवली. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तीच कागदपत्रं, वर कंपनीचं नकारपत्र. नंबर मिळाला. खातं तक्रार कंपनीकडे पाठवून लेखी खुलासा मागतं, आणि तो खुलासा टाळता येत नाही. मे महिन्याच्या शेवटी, शनिवारी, मी पोहे परतत होते तेव्हा नवऱ्याने टपाल आणलं. नवा ईओबी. ७७०६६, रुग्णाने देय शून्य. ७६६४२, रुग्णाने देय शून्य. सोबत दोन ओळींचं पत्र, क्लेमचा पुन्हा आढावा घेण्यात आला. चूक झाली असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी पोह्यांखालचा गॅस बंद केला आणि ताईंना फोन लावला. त्यांना बोलता येईना इतक्या त्या खूश झाल्या.

हे तीन महिने चालू असताना मी इतर राज्यांचे कायदेही वाचत होते. न्यूयॉर्कने २०१६ मध्येच असा कायदा केला, त्यात स्क्रीनिंग, डायग्नॉस्टिक, सोनोग्राफी, एमआरआय सगळं विनाखर्च, आणि दवाखान्यांनी ऑफिसच्या वेळेबाहेरही मॅमोग्राफी ठेवावी अशी तरतूद. पेन्सिल्वेनियाचा २०२३ चा पहिलाच कायदा या विषयावरचा आहे. जास्त धोका असलेल्या बायकांना जास्तीची एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि जनुकीय चाचणी, तीही एक पैसा न घेता. तो मांडणाऱ्या सिनेटर किम वॉर्ड स्वतः या आजारातून गेलेल्या. आणि या सगळ्याच्या आधी कनेक्टिकटच्या नॅन्सी कॅपेलो. मॅमोग्राफी स्वच्छ आली, आणि काही आठवड्यांतच पुढे गेलेला कॅन्सर निघाला, कारण ऊती डेन्स आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लावून धरलं म्हणून २००९ साली कनेक्टिकटने देशातला पहिला कायदा केला, की हे बाईला कळवायचंच. आता १० सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या देशात ते कळवणं बंधनकारक आहे. कॅपेलो बाई २०१८ मध्ये गेल्या, त्यांना ते बघायला मिळालं नाही. एकेका राज्यात एकेका बाईच्या दुखण्यातून एकेक कलम आलंय. पण कोणत्या राज्यात राहता आणि नवरा कुठे नोकरी करतो यावर गाठ तपासायची किंमत ठरावी, हे मला अजून पटत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई ह्यूस्टनजवळ केटीला राहतात. भावोजी तेल कंपनीत. कार्ड सेल्फ-फंडेड, टीडीआय नाही. माझी सगळी हकिगत त्यांना माहीत. २०२४ च्या दिवाळीत म्हणाल्या होत्या, "तुझं झालं गं काम. आमचं कार्ड तसलं नाही, म्हणून मी जातच नाही. काही निघालं तर परत बोलावणार, आणि मग ते बिल."

"वहिनी, असं करू नका ना," एवढंच मी म्हणू शकले. त्यांना द्यायला माझ्याकडे कायदा नव्हता.

तो नंतर आला. केंद्राच्या आरोग्य खात्याखालच्या संस्थेने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बायकांच्या प्रतिबंधक सेवांचे नियम बदलले. स्क्रीनिंग पुरी करण्यासाठी जास्तीचे फोटो, सोनोग्राफी, एमआरआय किंवा तुकड्याची तपासणी लागली, तर तेही स्क्रीनिंगमध्येच धरायचं. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्लॅन-वर्षापासून लागू. हा केंद्राचा नियम असल्यामुळे तो सेल्फ-फंडेड प्लॅनलाही लागतो. २०२२ साली मी फोनवरच्या मुलीला तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर होतं.

मी तो नियम छापून पुढच्या दिवाळीच्या फराळाबरोबर केटीला पाठवला. जानेवारीत वहिनींनी स्क्रीनिंग करून घेतली. आठवड्याने फोन. "अगं, परत बोलावलंय. शून्य आलाय." आवाज अगदी बारीक. मी म्हटलं, तुम्ही आधी तुमच्या प्लॅनला फोन करा, २०२६ चा नियम म्हणा, ज्याच्याशी बोललात त्याचं नाव लिहून घ्या. त्यांनी फोन केला. पलीकडच्याने दोन मिनिटं थांबवून सांगितलं, हो, डिडक्टिबल लागणार नाही. वहिनींनी ते नाव, तारीख आणि वेळ कॅलेंडरच्या पानावर लिहिली आणि त्याचा फोटो मला पाठवला.

शुक्रवारी मी रजा टाकली आणि पहाटे पाचला गाडी काढली. चार तासांचा रस्ता. प्रतीक्षाकक्षात आम्ही शेजारी बसलो. त्या सारखं माझा हात धरत होत्या, सोडत होत्या. "फार दाबतात का गं?" मी म्हटलं, तुम्ही मागच्या आठवड्यात करून आलात की. "हो, पण तेव्हा माहीत नव्हतं ना." आतून कोणीतरी त्यांचं नाव भलत्याच उच्चारात पुकारलं. वहिनी उठल्या, दोन पावलं गेल्या, परत फिरल्या, मानेमागे हात नेऊन मंगळसूत्र काढलं आणि माझ्या ओंजळीत ठेवलं. "पर्समध्ये नको," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडेच राहू दे."